रानातली चोरी रोखायची कशाने? तार, कुत्रा, कॅमेरा की बंदूक

विहिरीवरची तांब्याची केबल पहिल्यांदा कापून नेली की माणूस चडफडतो आणि नवी टाकतो. दुसऱ्यांदा नेली की पारावर सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, तारेत करंट सोड, एखादा चिकटला की परत कोणी फिरकणार नाही. दुसरा म्हणतो, बंदुकीचा परवाना काढ. तिसऱ्याच्या भाच्याचं कॅमेऱ्याचं दुकान असतं.

हे उपाय शेजारी शेजारी मांडून बघताना किमतीच्या आधी एक प्रश्न विचारावा. आपण तिथे नसताना भलताच माणूस आला, तर हा उपाय त्याचं काय करील? रानात रात्री चोरच फिरतो असं नाही. शेतीची लाईट अनेकदा रात्री येते. दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, शेजारी येतो, वाट चुकलेला ऊसतोड मजूर येतो, सुटलेली म्हैस शोधत कुणाची तरी म्हातारी येते.

त्याआधी कायदा थोडक्यात, कारण पुढची निवड त्यावरच अवलंबून आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. तो जिवापुरता नाही, मालमत्तेसाठीही आहे आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठीसुद्धा. पण तो दोन पायऱ्यांचा आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या किंवा माल साठवायच्या इमारतीला आग लावणं किंवा स्फोटकाने नुकसान करणं, आणि प्रतिकार केला नाही तर मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती निर्माण करणारी चोरी, नासधूस किंवा गृह-अतिक्रमण, एवढ्याच प्रसंगी मालमत्तेसाठीचा हा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. हे कलम ४१. बाकी सगळं कलम ४२ मध्ये येतं: अडवा, हिसकावून घ्या, गरजेपुरती काठी चालवा, पण जीव घेता येत नाही.

उघड्या विहिरीवर केबल कापणारा माणूस या दुसऱ्या पायरीवर आहे. तोच माणूस मध्यरात्री वस्तीवरच्या घराचं कुलूप तोडून आत शिरला तर पहिल्या पायरीवर येतो. तिथेही कलम ३७ची मेख आहेच: गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हक्कच राहत नाही. याचा अर्थ अंगावर आलेल्याला पाठ दाखवून पळा, असा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या दर्शन सिंग खटल्यात स्पष्ट म्हटलं आहे की, हल्ला होत असताना कायद्याने वागणाऱ्या माणसाने भेकडासारखं वागावं अशी कायद्याची अपेक्षा नाही.

थेट करंट आणि झटका मशीन

गावात दोन्हींना ‘तारेत करंट’ म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) किंवा मोटारीच्या स्टार्टरमधून काढलेली २३० व्होल्टची उघडी तार माणसाला धरून ठेवते आणि मारते. कुंपणाच्या तारेला जोडायच्या झटका मशीनचा झटका काही हजार व्होल्टचा असतो, पण साधारण सेकंदाला एकदा आणि सेकंदाच्या अगदी लहानशा भागापुरता. माणूस किंचाळून मागे सरतो, चिकटून राहत नाही. मात्र हे प्रमाणित मशीनबद्दल झालं. गावठी जुगाड करून मेनलाइनला जोडलेल्या डब्याला झटका मशीन म्हणू नये.

थेट करंटबद्दल मी आडवळणाने लिहिणार नाही: लावू नका. बिहारमधल्या चेरुबिन ग्रेगरी खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा १९६३चा निकाल आजही याचं उत्तर देतो. शेजाऱ्यांनी आपलं शौचकूप वापरू नये म्हणून घरमालकाने वाटेवर उघड्या तारेत वीज सोडली आणि शेजारची बाई त्यात गेली. ती परवानगीशिवाय आली होती, हे न्यायालयाने मान्य केलं. तरीही हलगर्जीने मृत्यू घडवल्याबद्दलची शिक्षा कायम राहिली. आपल्या जागेत परवानगीशिवाय शिरला म्हणून कुणाचा जीव घेणारा सापळा लावायचा हक्क मालकाला मिळत नाही. स्वसंरक्षण समोरचा धोका बघून, जोखून करायचं असतं. तारेला चोर आणि शेजारी यांतला फरक कळत नाही. आज हलगर्जीने मृत्यूसाठी कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि मुद्दाम जीवघेणी तार लावल्याचं दिसलं तर कलम सदोष मनुष्यवधाकडे सरकतं. वीजचोरीचा गुन्हा वेगळा. उसाच्या पट्ट्यात त्या तारेत बिबट्या सापडला तर वन खातं आणखी वेगळं.

झटका मशीन लावायची असेल तर जरूर लावा, पण पाट्यांसह, आणि पाऊलवाट सोडून. एक खरं सांगतो, ती रानडुकराला जितकी अडवते तितकी चोराला नाही. ठरवून आलेला चोर सुक्या काठीने तार दाबतो किंवा बॅटरीची पिनच काढतो. नुसत्या चोरीसाठी घेत असाल तर पैसे दुसरीकडे घाला.

कुत्रा आणि राखणदार

दोघांचं काम एकच, आवाज करणं. कुत्रा स्वस्त आणि रात्रभर जागा, पण खाण्यातून काही घातलं की संपला. शिवाय तो चावरा आहे हे माहीत असून मोकळा सोडला आणि वाटसरूला फाडलं, तर कलम २९१ खाली हलगर्जीचा गुन्हा मालकावर. राखणदाराला महिन्याचा पगार लागतो. डाळिंब काढणीला आलेलं असताना, द्राक्षाला व्यापारी ठरला की, आलं-हळद निघाली की, तेवढ्या दिवसांपुरता तो परवडतो. बारा महिने नाही. त्याच्या हाती काय द्यायचं? मोठी बॅटरी, शिट्टी आणि फोन. कोयता दिलात तर त्याने घाबरून केलेल्या वाराचं उत्तर त्याला, आणि बहुधा तुम्हालाही, द्यावं लागेल.

बंदूक

परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून, शहरात पोलीस आयुक्तांकडून. २०१९च्या दुरुस्तीनंतर मुदत पाच वर्षांची. निवडणूक लागली की बंदूक जमा करायचा आदेश येऊ शकतो, आणि घरात बंदूक आहे हे गावभर झालं की तीच चोरायला कुणीतरी येऊ शकतो. पण मोठी अडचण वर सांगितलेलीच: केबल, मोटार, ठिबकच्या नळ्या, शेळ्या, रानातली नेहमीची चोरी सगळी दुसऱ्या पायरीची. म्हणजे ज्या चोरीसाठी बंदूक घ्यावी म्हणता, त्याच चोरीत ती माणसावर झाडता येत नाही. गावापासून तुटलेली वस्ती, पूर्वी दरोडा पडलेला, घरात म्हातारी माणसं, अशी स्थिती असेल तर विचार समजण्यासारखा आहे. विहिरीसाठी मुळीच नाही.

कॅमेरा आणि मोबाईल स्टार्टर

सिमकार्डावर चालणारा सोलर कॅमेरा चोरी थांबवेलच असं नाही. तोंडाला फडकं बांधलेला माणूस तुम्ही दुसऱ्या दिवशी स्पष्ट बघाल, इतकंच. तरी मी त्याला वर ठेवतो, आणि कारण चोर नव्हे, तुम्ही आहात. झटापटीत चोर जखमी झाला, तर ‘मी स्वसंरक्षणात मारलं’ हे दाखवायचा भार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे तुमच्यावर येतो. संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, तसं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं दाखवलं तरी पुरतं. पण रानात रात्री साक्षीदार कुठला? समोरच्याने आधी कोयता उगारला हे दाखवणारं चित्रण तुमच्या बाजूचं एकमेव तोंड असू शकतं. अर्थात पडलेल्या माणसाला तुम्ही पुढे दहा काठ्या घातल्यात, तर तेही त्यात येईल.

मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटार चालू-बंद करायचं यंत्र, मात्र सरळ उपयोगाचा. काहींमध्ये केबल तुटली की फोन वाजायची सोय असते. घेताना ती आहे का, हे विचारून घ्या. सगळ्यांत साधा उपाय दुकानदार सांगत नाही: तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची केबल टाका. भंगारात भाव तांब्याला आहे. जाड केबल घ्यावी लागते, जोड नीट करावे लागतात, पण चोराला तिच्यात रस उरत नाही.

गावाची गस्त

ग्रामसुरक्षा दल किंवा ग्राम सुरक्षा यंत्रणा, जिच्यात एक फोन लावला की गावातल्या नोंदलेल्या सगळ्या फोनवर आवाज जातो, ही स्वस्त आणि खरोखर कामाची. एकट्याने बॅटरी घेऊन जाण्यापेक्षा वीस माणसांचा उजेड चोराला जास्त पळवतो. धोका त्या वीस माणसांचाच असतो. २०१८ साली साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात चोर आल्याची अफवा होती, दोन साधू आणि त्यांचा चालक गेले. तेव्हा गस्त सुरू करायची तर पोलीस पाटलाला धरून, नावं ठाण्यात देऊन, आणि अनोळखी दिसला की पोलिसांच्या ११२ ला फोन आधी, हात नंतर.

चोर हातात सापडला तर? माल घेऊन पळत असेल तर पाठलाग करता येतो. तो निसटेपर्यंत, पोलीस येईपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क चालू असतो. केबल टाकून पळाला की तो हक्क संपला, मागून फेकलेला दगड त्यात बसत नाही. पकडून खांबाला बांधून मारणं तर कशातच बसत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत झाला असेल तर तुम्ही त्याला धरून ठेवू शकता, पण विनाकारण वेळ न लावता, फार तर सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवा. फोन किती वाजता केला ते लिहून ठेवा.

आणि फिर्याद द्याच. आता ऑनलाइन माहिती देऊन तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करता येते. सौर पंप योजनेतला संच असेल तर त्याच्या विम्याची कागदं काढून बघा. पॅनेल गेल्यावर विमावाले आधी एफआयआर आणि पंचनामा मागतात.