आरव्हीत (आत राहायची सोय असलेल्या गाडीत) कुत्र्यासाठी घेतलेला टेंपरेचर मॉनिटर, घ्याच!
अमेरिकेत यूटामधल्या आर्चेस नॅशनल पार्कात कुत्र्याला ट्रेलवर नेताच येत नाही, कडेवर घेऊनसुद्धा नाही, म्हणून त्याच्या शेजारच्या मोआब गावाला गेलो तेव्हा आमच्या मोत्याला एसी लावून आरव्हीत ठेवायची वेळ आली आणि त्यासाठीच हा सिमकार्डवाला मॉनिटर घेतला. वायफायवाला कॅमेरा घेऊ नका, लाईट गेली की राउटरपण बंद, मग कळणार कसं? याला स्वतःची बॅटरी आहे. दुसऱ्याच दिवशी कॅम्पग्राउंडचा ब्रेकर ट्रिप झाला, फोनवर आधी लाईट गेल्याचा मेसेज, मग ७८, मग ८१ फॅरनहाइट... आम्ही जवळच जेवायला बसलेलो, ताट तसंच टाकून पळालो, दार उघडलं तर मोत्या बाथरूमच्या फरशीवर पोट टेकून धापा टाकतोय, पाण्याचं भांडं कोरडं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

बाहेर नुसतं ७० असलं तरी बंद कारमध्ये १० मिनिटांत ८९ होतं, मोआबच्या उन्हाचं तर विचारूच नका.

रेंज नसेल तिथे उपयोग शून्य, सबस्क्रिप्शनचे पैसे वेगळे, तरी माझ्याकडून पाच स्टार. अलार्म ७८ वरच लावा आणि पटकन परत येता येईल एवढंच लांब जा.