नवे माग बसवताना थांबायचं कधी: रोज, आठवड्याला की एकदाच?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदार मित्राने साधे माग काढून रॅपियर (धोट्याशिवाय चालणारे माग) घेतले. परवा म्हणाला, "काय चुकतंय ते सगळ्यांना बसवून बोला म्हणतात. पण किती वेळा? माग थांबला की पैसा थांबतो." मी तिन्ही पद्धती जवळून पाहिल्या आहेत, म्हणून हे लिहितोय.

पाळी बदलताना उभ्याउभ्या दहा मिनिटं बोलणं सगळ्यात स्वस्त. कुठला माग धागा तोडतोय, कुठलं बीम (ताण्याचा रूळ) संपत आलंय, एवढं जाणाऱ्याने येणाऱ्याला सांगायचं. टोयोटाच्या कारखान्यात अडचण दिसली की कामगार दोरी ओढतो, मदतीला माणूस येतो आणि तेवढ्यात सुटलं नाही तर लाइन थांबते. आपल्याकडची दहा मिनिटं त्याच जातीची: आजचा बिघाड आज. पण 'ही मांडणीच चुकली का' हा प्रश्न इथे निघत नाही. एकाला घरी जायचं असतं, दुसऱ्याचा चहा व्हायचा असतो.

आठवड्याच्या तासाभराच्या बैठकीचं वजन वेगळं. मी काम पाहत होतो त्या एका ठिकाणी नवे माग आल्यावर टॉवेलचे लूप कधी उंच, कधी बुटके येत. महिनाभर सगळे सुताला शिव्या देत होते. तिसऱ्या बैठकीत रात्रपाळीचा एक जण हळूच म्हणाला, "आम्ही पाइलच्या बीमचा ताण वाढवतो, धागा कमी तुटतो." टेरीत, म्हणजे लूपच्या टॉवेलच्या विणीत, लूप उठायला पाइलचा (लूपचा) ताणा सैल लागतो, जमिनीचा, म्हणजे खालच्या कापडाचा, ताणा घट्ट. दिवसपाळी तो परत सैल करायची. दोघंही आपापल्या जागी बरोबर, टॉवेल मात्र बिघडलेला! पाळी बदलताना हे कधीच बाहेर आलं नसतं, कारण तिथे मुकादम डोक्यावर उभा.

आणखी एक गोष्ट. तो माणूस ते तेलुगूत बोलला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या कारखान्यांत बैठक फक्त मराठीत घेतली तर निम्मी माणसं मान डोलावतात आणि बाहेर पडल्यावर खरं बोलतात. दोन्ही भाषा येणारा माणूस समोर बसवा, मालकाशेजारी नको.

या बैठकीचा खर्च कोणी सांगत नाही. मजुरी नगावर असेल तर थांबलेला तास कामगाराच्या खिशातून जातो. त्याची भरपाई देणार नसाल तर बैठक घेऊच नका. लोक घड्याळ बघतील.

तिसरा मार्ग म्हणजे टप्पा संपल्यावर अर्धा दिवस. अमेरिकी सैन्यात सरावानंतर चार प्रश्न विचारतात: काय व्हायचं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढे काय करायचं. पद्धत चांगली आहे. कोणाला दोषी धरायचं हा त्यात प्रश्न नसतो, म्हणून माणसं बोलतात. सॉफ्टवेअरवाल्यांच्या स्क्रम नावाच्या कामाच्या पद्धतीत तर महिन्याच्या कामामागे अशा बैठकीला जास्तीत जास्त तीन तास सांगितले आहेत. पण कारखान्यात तीन महिन्यांनी विचारलं की पहिल्या आठवड्यातलं कोणाला आठवत नाही, आणि ज्याला आठवत होतं तो दुसरीकडे कामाला लागलेला असतो. खंडेनवमीला माग बंदच असतात म्हणून त्याच दिवशी उरकावं, असं वाटेल. नका करू. पूजेच्या दिवशी चुका काढायला कोणाचं मन होत नाही. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेचे दिवसही सोडा, निम्मी हजेरी नसते.

माझा कौल? नवे माग आल्यापासून पहिले दोन महिने आठवड्याचा तास, मजुरी धरून. दहा मिनिटं कायमची. अर्धा दिवस एकदाच, पुढची ऑर्डर पक्की करण्याआधी, कारण तेव्हाच ऐकलेलं बदलायला हात मोकळा असतो. माग चारच असतील आणि मालक स्वतः मागावर उभा राहत असेल तर आठवड्याची बैठक सोडून दिली तरी चालेल.

मित्राने पहिली बैठक पगाराच्या दिवशी ठेवली होती. ती बुधवारवर ढकलायला लावली.