1952 ची पगारचिठ्ठी, 1975 ची कंपनी

आजोबा चंद्रपूरकडच्या घुग्घुसच्या कॉलरीत, म्हणजे कोळसा खाणीत होते, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. बाबा नोकरीसाठी पिंपरीला आले आणि तिकडचं जाणं-येणं तुटलं ते तुटलंच. यंदा आत्याने वंशावळ लावायचं मनावर घेतलं. कुणीतरी तिला सदाशिव पेठेतल्या एका ‘वंशावळ संशोधका’चा नंबर दिला. माणूस गोडबोल्या, ताई-ताई करणारा. अठरा हजार ठरले, निम्मे आगाऊ. गुगल पेवर, पावती नाही.

कागद आले ते बघण्यासारखे होते. चहात बुडवल्यासारखे पिवळे, कडा जळक्या, खाली गोल शिक्का. त्यात आजोबांची 1952 ची पगारचिठ्ठी, आणि वर ठळक अक्षरांत ‘वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड’. ही कंपनीच मुळी 1975 ची! तिकडच्या खाणी सरकारजमा झाल्या त्या 1973 मध्ये. जन्माच्या दाखल्यावर 1931 साल आणि ‘जिल्हा चंद्रपूर, महाराष्ट्र’. तेव्हा जिल्ह्याचं नाव चांदा, आणि तो होता मध्य प्रांतात. वरच्या सात पिढ्या म्हणे पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांवरून लावल्या. चांदा नागपूरकर भोसल्यांकडे. तिथल्या मजुराच्या पोराबाळांची नावं पुण्यात कोण लिहून ठेवणार?

विचारलं तर म्हणाला, “ताई, नक्कल नव्या लेटरहेडवरच देतात.” बरं, नक्कल नवी, मग कडा कशाने जळल्या? त्यावर फोन कट.

विदर्भात जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात असतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज केला की सही-शिक्क्याची नक्कल मिळते. खाण कामगाराचं नाव, बापाचं नाव, मूळ गाव खाणीच्या ‘फॉर्म बी’ रजिस्टरमध्ये असतं. घरात पीएफचे जुने कागद असतील तर त्यावरच्या नंबरावरूनही माग काढता येतो. या संशोधकाच्या तोंडून ‘कोतवाल बुक’ हा शब्द एकदाही निघाला नव्हता. तिकडची वंशावळ काढणाऱ्याला तो माहीत नाही म्हणजे कमालच.

उरलेले नऊ दिले नाहीत, आधीचे नऊ गेले. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, चौकीतही अर्ज दिलाय. त्याचा तो नंबर आता बंद आहे. पण आत्याच्या भजनी मंडळातल्या एका बाईंना परवा फोन आला, कुणबी नोंद काढून देतो, पंधरा हजार पडतील. पैसे पाठवायला दिलेलं गुगल पे खातं तेच.