एका दिवसात गोदावरीचा त्रिभुज प्रदेश: कोरिंगा की दिंडी?

नांदेडच्या घाटावरून जाणारी गोदावरी आंध्रात धवळेश्वरमपाशी गौतमी आणि वसिष्ठा अशा मोठ्या फाट्यांत विभागते. सात-आठ जणांना तिथे दिवसभर होडीने फिरायचं असेल तर दोन ठिकाणं आहेत.

काकीनाड्याजवळचं कोरिंगा म्हणजे खारफुटीचं जंगल. चिखलातून वर आलेली श्वसनमुळं, खेकडे, खंड्या, बगळे होडीतूनच जवळून दिसतात. पाणमांजरं आणि मासेमार मांजरही इथली, पण दुसरी निशाचर. तिची आशा धरू नका. भरती-ओहोटी मात्र आधी विचारूनच निघा. ओहोटीला खाडी उथळ होते आणि होडी अडते. नाथसागरासारख्या धरणाच्या पाण्यात फिरणाऱ्यांना हे सुचतच नाही! तसं झालं तर जंगलातून लाकडी पायवाट आहेच.

वसिष्ठेच्या काठचं दिंडी हे गाव निवांत आहे. रुंद पात्र, नारळाच्या बागा, हाउसबोट. सोबत आजी-आजोबा असतील तर हेच बरं.

मी कोरिंगा निवडेन. नांदेडहून विशाखापट्टणमच्या गाडीने सामलकोटला उतरा, काकीनाडा तिथून जवळच. एप्रिल-मे टाळा, आपलं ऊन कोरडं, तिथलं घामाने निथळवणारं.