कार विकून मालवाहू बॅटरी सायकल: लातुरातला आमचा अनुभव

आमच्या घरी आता कार नाही. पोर्चमध्ये लांब कॅरियरची, बॅटरीवर चालणारी मालवाहू सायकल उभी असते. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक थंडी तिच्यावर निघाली, म्हणून आता लिहायला हरकत नाही. सिग्नलला थांबलं की कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, चार्जिंगला किती जाती? केवढ्याला पडली?" दोन्हीची उत्तरं देतेच, पण घेणाऱ्यानं त्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात असं माझं मत झालंय: स्टँड कसा आहे, मागच्या चाकाचे स्पोक किती जाड आहेत, आणि बिघडली तर गावात तिला हात लावणारा कोण आहे.

घरात आम्ही पाच जण. मी, नवरा, सासूबाई, चौथीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. घर औसा रोडच्या बाजूला, माझी नोकरी बार्शी रोडवर, शाळा मधल्या वाटेत, बाजार गंजगोलाईत. नवऱ्याला न्यायला कंपनीची बस येते. म्हणजे कार होती ती दिवसभर गावातल्या गावात दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारायची. इंजिन तापायच्या आत घर यायचं, आणि अशा चालवण्यात पेट्रोल सगळ्यात जास्त जातं. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि सोळाही रस्त्यांवर हातगाडे, ऑटो, माणसं. कार लांब कुठंतरी लावायची आणि पिशव्या हातात घेऊन चालत यायचं. कारचा विमा भरायची वेळ आली तेव्हा आम्ही हिशोब मांडला आणि ती विकली.

सायकल पुण्याकडच्या एका छोट्या कारखान्यातून बनवून आणली. सगळं धरून दीड लाखाच्या थोडं आत पडली. मागचं कॅरियर इतकं लांब की दोन मुलं एकामागं एक बसतात. मागचं चाक वीस इंची, त्यामुळं ओझं खाली राहतं. मोटर २५० वॅटची, मागच्या चाकातच. बॅटरी ४८ व्होल्ट, २० अँपियर-अवर, लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची. रिकाम्या सायकलचं वजन चाळीस किलोच्या आसपास. लायसन्स आणि पासिंग लागत नाही, कारण मोटर २५० वॅटच्या आत, पायडल मारलं तरच मदत, २५ च्या वेगाला मदत बंद आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर नियमाप्रमाणं ती मोटार वाहनात मोडत नाही. जास्त वॅटची मोटर 'सायकल' म्हणून विकणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, अपघात झाला तर कागद तुमच्या बाजूनं उभे राहणार नाहीत.

डेन्मार्क-हॉलंडात लेकरं शाळेत सोडायला मालवाहू सायकली सर्रास दिसतात. कोपनहेगनच्या ख्रिस्तियानिया वस्तीत १९८४ साली पुढं मोठी पेटी असलेली तीनचाकी बनली, तिचे फोटो बघून आधी मलाही तसलीच हवी होती. पण पेटीची रुंदी गोलाईच्या गर्दीत मावत नाही, आणि आपल्याकडं रस्त्याच्या कडा जिथं तिथं खचलेल्या, तिथं एक चाक खाली उतरलं की तीनचाकी कलते. लांब कॅरियरची दुचाकी साध्या सायकलच्या रुंदीतून निघते. लातूरसाठी हीच बरोबर.

आता ओझ्याबद्दल, कारण सगळी मेख तिथंच आहे. हिचा डबल स्टँड चांगला रुंद, दोन पायांचा आहे. मुलगी आधी चढते, मग मुलगा, मग दप्तरं बाजूच्या झोळ्यांत. एवढं होईपर्यंत सायकल जागची हलत नाही, हँडल फिरत नाही. मग मी बसते, पुढं ढकलते आणि स्टँड आपोआप वर जातो. एका पायाच्या स्टँडवर हे शक्यच नाही. निघताना पहिले दोन-तीन मीटर महत्त्वाचे असतात. मागं पन्नास-साठ किलो असताना थांबलेली सायकल हलवायची तर गिअर हलका हवा आणि मोटरची मदत लगेच यायला हवी. स्वस्तातल्या सायकलींना फक्त पायडल फिरतंय का एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. तो अर्धा फेरा झाल्यावर जागा होतो आणि एकदम झटका देतो. पायाचा जोर ओळखणारा टॉर्क सेन्सर घ्या. तो जेवढा जोर लावाल तेवढीच मदत देतो, शिवाजी चौकातल्या गर्दीत लेकरं मागं असताना हा फरक फार मोठा आहे.

ओझं ठेवायचं ते खाली आणि पुढं. पाण्याचा वीस लिटरचा जार कॅरियरच्या शेपटाला बांधला तर हँडल थरथरतं, तोच जार बाजूच्या पाटीवर, माझ्या टाचेजवळ ठेवला तर कळतसुद्धा नाही. जार दोन असतील तर दोन्हीकडं एकेक. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, प्यायला जार आणायचे हे गावात घरोघरचं काम आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते दिवस बघितलेल्या माणसाला जार कशानं आणायचा हा प्रश्न किरकोळ वाटत नाही. दळणाचा डबा, भरलेला गॅस सिलिंडर, पन्नास किलोचा ज्वारीचा कट्टा, सगळं हिच्यावर आलंय. बांधायला बाजारातले आकड्यांचे पट्टे घेऊ नका, आकडा सुटला तर डोळ्यावर येतो. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब लांब कापून घ्या. ती ओझं जसं धरून ठेवते तसं दुसरं काही धरत नाही.

बायांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. कारखान्यातून सायकल आली तेव्हा मागच्या चाकाला बाजूनं नुसत्या नळ्या होत्या. ओढणी किंवा साडीचा पदर चाकात जायला तेवढी फट पुष्कळ झाली, आणि मुलांचे पायही तिथंच असतात. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन्ही बाजूंना बारीक जाळी बसवून घेतली, मगच लेकरं बसवली. ही जाळी ऐच्छिक समजू नका. सासूबाईंसाठी त्यानंच पाठीला टेकू आणि पाय ठेवायला रुंद फळी केली. त्यांचे गुडघे धरलेले, ऑटोत चढताना त्रास व्हायचा. इथं सीट खाली असल्यानं त्या नुसत्या टेकतात आणि बसतात. आधी म्हणाल्या, "लोकं काय म्हणतील गं." आता शेजारच्या काकूंना दवाखान्यात न्यायचं असलं तर मला न विचारता कबूल करून येतात.

बॅटरीचं गणित सोपं आहे. पूर्ण चार्जिंगला एक युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते. महागातल्या स्लॅबनं धरलं तरी वीस रुपयांच्या आत. दोन लेकरं आणि सामान घेऊन, मोटरची मदत मध्यम ठेवून चाळीस किलोमीटर निघतात, एकटी असले तर बरेच जास्त. दोन-तीन दिवसांतून एकदा रात्री लावते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा भर दुपारी घरी आले की लगेच चार्जिंगला लावत नाही. बॅटरी काढून आत फरशीवर ठेवते, गार झाली की मगच. लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णतेनं घटतं, आणि तापलेल्या बॅटरीला चार्ज करणं त्याहून वाईट. आयर्न फॉस्फेट प्रकार जड असतो पण उन्हाला जास्त टिकतो, मराठवाड्यात तोच घ्यावा. उन्हात बॅटरीपेक्षा मला लोखंडी दांड्यांनी जास्त छळलं. मुलं ज्याला धरून बसतात त्या नळ्या शाळा सुटेपर्यंत इतक्या तापायच्या की लेकरू हात लावायचं नाही. त्यांवर जुन्या सुती साडीच्या पट्ट्या गुंडाळल्या, प्रश्न मिटला.

पावसाळा मात्र जड गेला. डांबरी रस्त्यावर काही अडचण नाही, पण आमच्या कॉलनीतला शेवटचा पट्टा काळ्या मातीचा आहे. ओली काळी माती टायरला चिकटते, टायरवरून मडगार्डमध्ये शिरते, तिथं थरावर थर बसतो आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. मग स्टँडवर घेऊन काडीनं कोरत बसायचं. मडगार्ड दोन बोटं वर उचलून घेतलं, त्यानं बराच फरक पडला. ह्या चिखलानं चेन लवकर खाल्ली आणि ब्रेकचे पॅडही. धुताना प्रेशरचा पाइप मारू नका, मोटरच्या वायरीच्या जोडात पाणी शिरतं. पावसाळ्याच्या तोंडी प्रत्येक जोड उघडून त्यात सिलिकॉन ग्रीस भरा.

ग्रीस असूनही जुलैत एके दिवशी भर पावसात मोटरची मदत बंद पडली. मुलं मागं, अंगावर रेनकोट, आणि नंदी स्टॉपपासून घरापर्यंत नुसत्या पायांवर आणली. येता आली ही सायकलची जमेची बाजू, पण मांड्या भरून आल्या. मोटरला वीज सोडणारी डबी असते, कंट्रोलर, तिच्यात पाणी गेलं होतं. कारखान्याला फोन केला तर आज पाठवतो, उद्या पाठवतो करत तीन आठवडे गेले. मग ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं कंट्रोलर आला, तो दुसऱ्याच मॉडेलचा. परत पाठवा, परत थांबा. तेवढे दिवस शेजाऱ्यांच्या स्कूटरवर आणि ऑटोवर निघाले. एवढे पैसे मोजल्यावर एक डबी वेळेवर मिळू नये याचा मला मनापासून राग आला आणि तो अजून आहे. घरात दुसरं वाहन नसलेल्या कुटुंबाला गाडी विकताना सुटे भाग देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येतेच.

गावातल्या सायकलवाल्यानं मात्र फार साथ दिली. मागचे स्पोक दोनदा तुटले तेव्हा मोटरच्या चाकाला बसतील अशा आखूड मापाचे स्पोक मिळेनात. त्यानं जाड स्पोक घेतले, कापले, टोकाला आटे पाडले आणि अख्खं चाक नव्यानं बांधून त्याचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढून दिला. तेव्हापासून एकही तुटला नाही. हायड्रॉलिक ब्रेकचं तेल बदलायला तो आधी तयार नव्हता. तेल भरायच्या दोन सिरिंज घेऊन आम्ही दोघं दुकानात बसलो, आता तो एकटा करतो. पंक्चरचं म्हणाल तर सराटे आणि बाभळीचे काटे सायकल कितीची आहे ते बघत नाहीत. ट्यूबमध्ये सीलंट टाकल्यावर त्रास खूप कमी झाला. मोटरचं चाक रस्त्यात काढणं अवघड, म्हणून मागच्या चाकात तर ते हवंच.

सगळ्यात जास्त आनंद वेळ अमावस्येला झाला. त्या दिवशी लातूर रिकामं होतं, जो तो शेताला जातो. मामेसासऱ्यांचं शेत हरंगुळच्या पलीकडं आहे. कार असताना ती डांबरीवरच सोडावी लागायची आणि आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन बांधानं जायचो. या वेळी मडकं कपड्याच्या चुंबळीवर बाजूच्या पाटीत बसवलं, दुसऱ्या बाजूला भज्जीचं पातेलं आणि उंड्यांची टोपली, वर दोन्ही लेकरं. नवरा जुन्या सायकलवर आणि सासूबाई दिरांच्या गाडीत. गाडीवाटेनं, दोन्हीकडं ज्वारी आणि हरभरा, थेट पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपर्यंत सायकल गेली. आंबील सांडली नाही. पांडव पूजून झाल्यावर मामांनी स्वतः एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्याच्यावर दुधाच्या किटल्या बसतील का गं?" बसतील.

काही कामांना ही चालत नाही. अंधार पडल्यावर मी औसा रोडवर किंवा रिंग रोडवर नेत नाही. साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर बिनदिव्याचे चालतात, आणि आपला वेग पंचवीस. मागं लेकरं असताना तो धोका घ्यायचा नाही. मागं आणि बाजूला चमकणाऱ्या पट्ट्या, दोन लाल दिवे आणि दोन्ही मुलांना हेल्मेट, यात तडजोड नाही. परगावी जायला एसटी. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं तुळजापूर, नांदेड आम्हाला जड जात नाही. लग्नसराईत सगळे मिळून जायचं असलं तर गाडी भाड्यानं करतो. रात्री-अपरात्री दवाखान्याची वेळ आली तर काय, याचा विचार प्रत्येकानं आधी करावा. आमचे दीर दोन गल्ल्या पलीकडं राहतात आणि त्यांच्याकडं कार आहे. हा आधार नसता तर मी कार विकली नसती. घर वरच्या मजल्यावर असेल तरी घेऊ नका, चाळीस किलो जिन्यानं चढत नाही.

पैशाचं सांगायचं तर कारचं पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग गेलं आणि त्याजागी पॅड, चेन, टायर, सीलंट आलं. एसटी आणि भाड्याची गाडी धरूनही महिन्याला चांगले पैसे शिल्लक राहतात. घेताना सायकलसोबतच एक जादा कंट्रोलर, ब्रेक पॅडचे चार जोड, डझनभर स्पोक आणि एक चेन घेऊन ठेवा, आणि ते बिलावर लिहून घ्या. ट्रायल घ्याल ती रिकामी घेऊ नका. मागं पन्नास किलोचा कट्टा बांधायला सांगा, एखाद्या चढावर मध्येच थांबा, तिथून परत निघून बघा, मग उतारावर दोन्ही ब्रेक दाबा. दुकानदार कट्टा बांधू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.