इंग्रजीच्या पूरक वर्गाचा अनुभव: जून ते मार्च, बडोदे

आमची मुलगी पाचवीत आणि मुलगा तिसरीत आहे. दोघेही इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात, तरीही गेल्या जूनपासून आम्ही त्यांना दांडिया बाजाराजवळच्या एका खासगी इंग्रजी वर्गात घातले. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची शिकवणी कशासाठी, असे नातेवाइकांनी विचारले आणि तो प्रश्न रास्तच होता. बडोद्यातील मराठी घरातले मूल घरी मराठी बोलते, शेजारी आणि बाजारात गुजराती, मधल्या सुट्टीत हिंदी आणि गुजराती मिसळून. इंग्रजी त्याच्या वाट्याला फळ्यावर आणि वहीत येते, कानावर आणि जिभेवर फारच कमी. मुलीला परीक्षेत गुण चांगले पडत, पण पाठ्यपुस्तकाबाहेरचा एखादा परिच्छेद समोर ठेवला की ती अडखळे आणि वाचून झाल्यावर त्यात काय होते ते तिला सांगता येत नसे. मुलगा पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देत असे. ज्या पालकांच्या घरी हेच चालू आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

वर्ग आठवड्यातून तीन संध्याकाळी, प्रत्येक वेळी सव्वा तासाचा असतो. लहानांची आणि मोठ्यांची बॅच वेगळी आहे. माझे मत आधीच सांगते: ध्वनींची ओळख, मोठ्याने वाचन आणि लिहिलेले पुन्हा लिहिणे या तीन गोष्टींसाठी दिलेली फी पुरेपूर वसूल झाली, व्याकरणाच्या छापील कागदांसाठी दिलेली झाली नाही.

सर्वांत मोठा फरक मुलाच्या वाचनात पडला आणि तो ध्वनींच्या पद्धतीमुळे पडला. इंग्रजीत अक्षरे 26 असली तरी ध्वनी सुमारे 44 आहेत, त्यामुळे एबीसीडी पाठ असूनही मूल वाचू शकेलच असे नसते. या वर्गात अक्षरांची नावे बाजूला ठेवून त्यांचे ध्वनी आधी शिकवले गेले आणि तेही वर्णक्रमाने नव्हे. सुरुवात एस, ए, टी, पी, आय आणि एन या सहा अक्षरांपासून झाली, कारण एवढ्यांतूनच सॅट, पिन, टॅप, नॅप असे वाचता येणारे बरेच शब्द तयार होतात आणि पहिल्याच आठवड्यात मुलाला आपण वाचतो आहोत असे वाटते.

इथे मराठी मुलाची एक खास अडचण असते आणि बाईंनी ती नेमकी पकडली. आपल्या प्रत्येक व्यंजनात ‘अ’ मुरलेला असतो. त्यामुळे सुटे ध्वनी म्हणताना मुलगा ‘ब, ॲ, ट’ अशी पूर्ण अक्षरे म्हणे आणि ती कितीही भराभर जोडली तरी त्यांतून ‘बॅट’ काही निघत नसे. बाईंना मराठी येते. त्यांनी फळ्यावर ‘ब्’ लिहिले, पाय मोडलेल्या अक्षराची आठवण करून दिली आणि सांगितले, “असाच तोडून म्हण, मागे ‘अ’ सोडू नकोस.” शाळेत मराठी नसले तरी आजीने त्याला घरी बाराखडी शिकवली होती, म्हणून ही खूण त्याला तत्काळ कळली. त्यानंतर ध्वनी जोडून शब्द वाचणे त्याला फारसे जड गेले नाही. कॅप आणि केप, किट आणि काइट अशा जोड्यांमध्ये शेवटचा न उच्चारला जाणारा ‘ई’ आधीच्या स्वराचा ध्वनी कसा बदलतो, हे दिवाळीपर्यंत त्याचे तो ओळखू लागला होता.

उच्चारांवर घेतलेली मेहनतही उल्लेख करण्याजोगी आहे. पालकांना बसू देण्याच्या एका दिवशी मी मागच्या बाकावर होते. प्रत्येक मुलाच्या हातात छोटा आरसा होता आणि ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात की नाही, तर ‘वेस्ट’ म्हणताना दोन्ही ओठ गोल होतात की नाही, हे प्रत्येक मूल स्वतःच तपासत होते. बाई कोणाचेही चुकले म्हणून सांगत नव्हत्या. केवळ आरशाकडे बोट दाखवत होत्या. मोठ्यांच्या बॅचमध्ये भूतकाळाच्या ‘ईडी’चे तीन उच्चार घेतले गेले: आस्क्ट, प्लेड आणि वाँटेड. आमची मुलगी तोवर पहिल्या शब्दाला ‘आस्केड’ म्हणत होती आणि शाळेत तिला कोणी टोकलेही नव्हते, कारण पन्नासच्या आसपास मुले असलेल्या वर्गात प्रत्येकाचे वाचन ऐकायला शिक्षकांना वेळ मिळणेच शक्य नाही.

वाचनासाठी पुस्तक निवडण्याची जी पद्धत मुलांना शिकवली गेली, ती मला सर्वांत उपयोगी वाटते. पुस्तकाचे मधले एक पान उघडायचे आणि न कळणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे. पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक सध्या जड आहे असे समजून परत ठेवायचे. मुलीला आपल्या वयापेक्षा वरची जाड पुस्तके हातात घेण्याची हौस होती आणि ती दहा पानांनंतर पडून राहत. आता ती पातळ पुस्तके घेते, पण संपवते. मांडवीजवळचे आपले मध्यवर्ती ग्रंथालय त्यासाठी आहेच. सयाजीराव महाराजांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना 1910 मध्ये बोलावून या शहराला सार्वजनिक वाचनाची जी सोय लावून दिली, तिचा लाभ आपली मुले आजही घेऊ शकतात, आणि तरीही वर्गातल्या अनेक मुलांनी त्या ग्रंथालयाची पायरी चढलेली नव्हती, याचे मला वाईट वाटले. घरी आम्ही प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळही वापरतो. 2015 मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर गोष्टी विनामूल्य मिळतात, त्या पातळ्यांनुसार लावलेल्या असतात आणि पुष्कळ गोष्टी इंग्रजीबरोबर मराठीत आणि गुजरातीतही असतात. आजी मराठीतली गोष्ट आधी वाचून दाखवते आणि मग मुलगा तीच इंग्रजीत वाचतो. गोष्ट ठाऊक असल्याने त्याचे सगळे लक्ष वाचण्यावर राहते.

लेखनात मुलीची प्रगती मंद पण पक्की झाली. उत्तरायणानंतर वर्गात पतंगांवर लिहायला दिले होते. तिच्या पहिल्या मसुद्यात सहा वाक्ये होती आणि त्यांतील चार ‘वी’ने सुरू होत होती, ‘डिड नॉट वेंट’ दोनदा आले होते. बाईंनी लाल शाईने काही दुरुस्त केले नाही. समासात तीन प्रश्न लिहिले: गच्चीवर कोण कोण होते, मांजा कापला गेला तेव्हा काय ऐकू आले, आणि ‘डिड’ने भूतकाळ एकदा सांगितल्यावर तो ‘वेंट’ने पुन्हा का सांगायचा? दुसऱ्या मसुद्यात काकांच्या बोटांना गुंडाळलेली चिकटपट्टी आली, शेजारच्या गच्चीवरून उठलेली “काप्यो छे!”ची आरोळी आली आणि क्रियापदे तिने स्वतः सुधारली. तिसरा मसुदा तिने सुवाच्य अक्षरात लिहून वर्गात वाचून दाखवला. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही उपपदे अजून चुकतात, कारण आपल्या भाषेत ती नाहीतच आणि केवळ नियम पाठ करून ती अंगवळणी पडत नाहीत. त्यासाठी आणखी दोन-तीन वर्षांचे वाचन लागेल, असे बाईंनी स्पष्ट सांगितले. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला आवडला.

आता तक्रारी. पहिली व्याकरणाच्या कागदांची. दर आठवड्याला रिकाम्या जागा भरण्याचे दोन-तीन कागद घरी येतात. मुलगी ते दहा मिनिटांत अचूक भरते आणि त्याच चुका बोलताना करते. असे कागद शाळेत भरपूर मिळतात, त्यासाठी वेगळ्या वर्गाची गरज नाही. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. प्रवेश देताना एका बॅचमध्ये दहा मुले असतील असे सांगितले होते, परंतु दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन बॅच एकत्र केल्या गेल्या आणि मोठ्यांच्या बॅचमध्ये अठरा मुले झाली. ज्या वर्गाचा सगळा जीव प्रत्येक मुलाला वाचायला आणि बोलायला मिळण्यात आहे, तिथे हा बदल पालकांना न विचारता करणे योग्य नव्हते. आम्ही चार पालकांनी मिळून लेखी विनंती केल्यावर जानेवारीत बॅच पुन्हा वेगळ्या झाल्या. मधल्या काळात मात्र मुलीचे मोठ्याने वाचन जवळजवळ बंदच पडले होते. नवरात्रात वर्ग बंद असतो आणि बडोद्यात तो तसा असायलाच हवा, पण त्या दिवसांचे वर्ग नंतर भरून काढले जात नाहीत, हे नव्या पालकांनी लक्षात घ्यावे.

परीक्षांविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण फेब्रुवारीपासून पालकांच्या गटात हाच विषय चालू आहे. केंब्रिजच्या लहान मुलांसाठीच्या स्टार्टर्स, मूव्हर्स आणि फ्लायर्स अशा तीन पायऱ्यांच्या परीक्षा आहेत. त्यांत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल नसतो; ऐकणे, बोलणे आणि वाचन-लेखन या प्रत्येक भागासाठी पाचपर्यंत ढाली मिळतात. मुलाची पातळी कळण्यासाठी ही पद्धत चांगली आहे, पण त्या परीक्षेच्या तयारीसाठी वाचनाचा तास कमी करण्याचा जो प्रस्ताव वर्गाने मांडला, त्याला आम्ही नकार दिला.

घरच्यांच्या सहभागाशिवाय या वर्गाचा अर्धाच उपयोग होईल असे मला वाटते. रात्री जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे मूल मोठ्याने वाचते आणि घरातले कोणीतरी ऐकते, एवढाच आमचा नियम आहे. “तुम्ही मध्येच चुका काढू नका, पान संपल्यावर एखादीच सांगा,” असे बाईंनी पहिल्याच भेटीत बजावले होते. घरात इंग्रजीच बोला, असे मात्र त्यांनी कधीही सुचवले नाही. उलट वाचलेली गोष्ट आजीला मराठीत सांगणे हा गृहपाठाचाच भाग आहे. गुजरातमध्ये 2023च्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत सर्व मंडळांच्या शाळांत गुजराती सक्तीची आहे, तेव्हा मुलांच्या डोक्यावर आधीच तीन लिप्यांचा भार असतो. त्यात घरची भाषा काढून घेऊन इंग्रजी सुधारेल, असे मानणाऱ्या वर्गात मी माझ्या मुलांना पाठवले नसते.

मुलाचा वाचनाचा पाया आता तयार झाला आहे, म्हणून येत्या जूनपासून त्याला वर्गातून काढून ग्रंथालय आणि घरचे वाचन यांवर ठेवणार आहोत. मुलीचा वर्ग आणखी एक वर्ष चालू ठेवू, मात्र बॅचमध्ये बारापेक्षा जास्त मुले होणार नाहीत हे फी भरण्याआधी लिहून घेतले आहे. नव्या पालकांनीही एक दिवस मागच्या बाकावर बसू देण्याची मागणी जरूर करावी आणि त्या सव्वा तासात आपले मूल प्रत्यक्ष किती वेळ वाचते आणि बोलते, ते पाहून निर्णय घ्यावा.