तेझे: प्रार्थनेचा आणि कामाचा एक आठवडा

जगण्याला अर्थ काय, हा प्रश्न घेऊन फ्रान्समधील तेझे या खेड्यात गेलेल्या माणसाला कोणी लांबलचक प्रवचन ऐकवत नाही. त्याच्या हाती आधी काम दिले जाते, आणि या स्थानाचे खरे बळ त्यातच आहे, असे मला वाटते.

बर्गंडी भागात, क्लूनीजवळच्या या टेकडीवर बंधू रॉजर हे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती साधक १९४० साली आले. युद्धामुळे परागंदा झालेल्या निर्वासितांना, त्यांत ज्यूंनाही, त्यांनी घरात आसरा दिला आणि पुढे येथे प्रॉटेस्टंट व कॅथलिक अशा दोन्ही ख्रिस्ती परंपरांतील बंधूंचा, म्हणजे व्रतस्थ साधकांचा, संघ उभा राहिला. हे बंधू स्वतःसाठी देणग्या घेत नाहीत. मातीची भांडी घडवण्यासारख्या कामांवर त्यांचा चरितार्थ चालतो.

येथे येणाऱ्या पाहुण्यांचा मुक्काम साधारणतः रविवार ते रविवार असतो. दिवसातून तीनदा घंटा वाजतात आणि सारे जण १९६२ साली उभारलेल्या ‘समेटाचे मंदिर’ नावाच्या चर्चमध्ये येऊन बहुतेक जमिनीवरच बसतात. लॅटिन किंवा अन्य भाषेतील एखाददुसरी ओळ, भजनाचे धृपद घोळवावे तशी, पुन्हा पुन्हा गायली जाते. मग शास्त्रपाठ आणि त्यानंतर कित्येक मिनिटांची निखळ शांतता. शुक्रवारी रात्री क्रूसाची प्रतिमा जमिनीवर आडवी ठेवतात आणि लोक गुडघे टेकून, तिच्यावर कपाळ ठेवून, आपल्या मनावरचे ओझे ख्रिस्ताकडे सोपवतात. रांग संथपणे सरकते, गाणे थांबत नाही, आणि रडणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. माझ्यासाठी संपूर्ण आठवड्याचे मोल या एका प्रार्थनेत होते.

सकाळी एक बंधू पवित्र शास्त्रातील उतारा समजावून देतात व त्यावर लहान गटांत चर्चा होते. ती चांगली असते. पण माणसे खरी मोकळी होतात ती कामाच्या जागी. माझ्या वाट्याला भांडी घासणे आले होते. गटात गप्प बसणारी एक पोलिश विद्यार्थिनी साबणाच्या पाण्यात हात घालून सांगत होती, की तिने उपासनेला जाणे केव्हाच सोडले आहे, परंतु इथे आपण आलो नाही तर आपली वाट पाहिली जाते, एवढ्यासाठी ती दरवर्षी येते. मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचा समुदाय, म्हणजे काय, याचे इतके नेमके उत्तर मी अन्यत्र ऐकले नव्हते.

जेवण साधे असते, ते चमच्यानेच खायचे, आणि चहा कपाऐवजी वाडग्यातून घ्यायचा. राहण्याची व्यवस्था सामायिक खोल्यांत किंवा तंबूंत असते. कार्यक्रम मुख्यतः १५ ते ३५ वयोगटासाठी आखलेले असल्यामुळे प्रौढांनी आधी चौकशी करावी. खर्चाचा वाटा वय आणि देश पाहून ठरतो, त्यामुळे भारतातून जाणाऱ्यावर मुक्कामाचा भार फारसा पडत नाही. खरा खर्च प्रवासाचाच. माकों-लोशे स्थानकापर्यंत वेगवान रेल्वे आहे आणि पुढे बस मिळते. ज्यांना गटचर्चा नको असेल त्यांना आठवडा मौनातही घालवता येतो, मात्र तसे आधी कळवावे.